मागून बसलेली लाथ

आमच्या शाळेत नवी शिक्षिका येणार हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. नागभीडजवळच्या गावातली जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. मुख्याध्यापक धरून आम्ही चौघं, त्यात बाई मी एकटीच. म्हणून ती पहिल्या दिवशी हजर झाली तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, "खोली शोधत कुठं फिरता? आमच्या घरी पुढच्या सपरीला, ओसरीला लागून एक खोली रिकामीच आहे. मुलगा नागपूरला शिकायला गेला तेव्हापासून तिथं नुसती धानाची पोती ठेवतो."

ती भामरागडकडची. नद्यांच्या संगमापलीकडच्या एका गावातली; पावसाळ्यात रस्ता बंद झाला की आठवडा आठवडा घरच्यांचा आवाज तिच्या कानावर पडायचा नाही. वय अठ्ठावीस असेल. माझं एकेचाळीस. ती घरी फोनवर माडिया बोलीत बोलायची, वर्गात पुस्तकी मराठीत, आणि आमच्यात राहून दोन महिन्यांत आमच्यासारखं 'मले-तुले' करायला लागली. मला शाळेत मॅडम म्हणायची आणि घरी बाई. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मला ते आवडायचं, सुरुवातीला.

कशापासून बिघडलं ते मी नीट सांगू शकते, कारण मला ती दुपार आठवते. श्रावणातला रविवार होता. तिनं कुठूनतरी वास्ते आणले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि आमच्या चुलीवर भाजी केली. सासूनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "असे वास्ते मी माह्या मायच्या हातचे खाल्ले होते." मग दुसऱ्यांदा वाढून घेतले. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सासू माझ्या भाजीला कधी वाईट म्हणाली नव्हती, आणि चांगलंही कधी म्हणाली नव्हती. मी त्या दिवशी वास्ते खाल्ले नाहीत. मला आवडतात, तरी नाही खाल्ले. पोट भरलंय म्हणाले.

त्यानंतर मला तेच दिसायला लागलं. मी शाळेत शिरले की मुलं उठून 'नमस्ते मॅडम' म्हणायची. तिची स्कूटी फाटकाशी आली की वर्ग सोडून धावायची. मधल्या सुट्टीत ती ओढणी कमरेला बांधून त्यांच्यात खेळायची. मी इतकी वर्षं छडी न घेता शिकवलं याचा मला अभिमान होता, पण माझ्याकडे बघून अशी धावत कुणी आलं नव्हतं. नवराही जेवताना विचारायचा, "ते जेवली का?" साधंच विचारायचा. तो नागभीडच्या रेल्वे स्टेशनात कामाला आहे, पाळी संपवून येतो, कुणी उपाशी राहू नये एवढंच त्याचं म्हणणं. पण मी ताटात भात जरा जोरात वाढायची.

तरी एक गोष्ट माझी होती. दर हिवाळ्यात तालुक्याला शिक्षकांच्या क्रीडा स्पर्धा होतात. आमच्या केंद्राच्या बायकांच्या खो-खो संघात मी लग्नाआधीपासून खेळत होते आणि नऊ वर्षं कप्तान होते. गडी बाद करायचा तर मीच, असं सगळे म्हणायचे. दिवाळीनंतर सराव सुरू झाला आणि तीही मैदानात आली. जंगलात वाढलेली; पायात चप्पल नाही की बूट नाही. तिनं पहिल्याच दिवशी तिघींना एका दमात बाद केलं. दुसऱ्या बाजूनं पळायला लागली तेव्हा तिला कुणी हात लावू शकलं नाही. मीसुद्धा नाही. केंद्रप्रमुख टाळ्या वाजवत माझ्याकडे बघून हसले, "मॅडम, आता तुमी आराम करा. धावाले पोरगी भेटली."

सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी कुणाला न सांगता पहाटे उठून पळायला लागले. धान कापून झालं होतं. रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, कडक झालेल्या मातीवरून, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. आधी अंग मोकळं करायचं, हळूहळू वाढवायचं, हे सगळं मी मुलांना शिकवते. स्वतः मात्र उठले की थेट धावायची, कारण ती उठायच्या आत मला परत यायचं असायचं. तीन आठवड्यांत डाव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, दुखायला लागलं. सकाळी खाटेवरून उतरलं की पहिली दहा-पंधरा पावलं टाच कुणी मागून ओढून धरल्यासारखी वाटायची. हात लावला तर तिथली शीर उजव्यापेक्षा जाड लागायची. चाललं की मोकळं व्हायचं. मी बाम चोळत होते आणि गप्प होते. दुखतंय म्हटलं असतं तर आराम करा म्हणाले असते, आणि आराम हा शब्द मला नको होता.

स्पर्धेच्या दिवशी जानेवारीचं कोवळं ऊन होतं. आमच्या संघाची पाठलागाची पाळी होती. ज्यांना खो-खो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पाठलाग करणाऱ्या एका रांगेत उकिडव्या बसतात, एकीआड एक उलट तोंडानं, एकच पळत असते, आणि ती थकली की बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते. मग बसलेली उठून धावते आणि पहिली तिच्या जागी बसते. मी बसले होते. ती पळत होती. लोक तिच्याच नावानं ओरडत होते. ती माझ्या मागं आली, पाठीवर थाप पडली, "खो!" आणि मी डाव्या पायावर सगळा जोर देऊन उसळले.

बांबूची वाळलेली कामटी मोडावी तसा आवाज झाला. त्याच क्षणी माझ्या टाचेवर मागून कुणी बुटासकट लाथ घातली. मी तोंडावर पडले. वळून पाहिलं तर ती तिथं उभी होती, हात पुढे केलेला.

"लाथ काऊन मारली मले?" मी ओरडले.

"मी? बाई, मी नाई…"

"तूच मारली. टाचेवर मारली. माह्या मागं दुसरं कोन होतं?"

पंच म्हणाले, त्यांचं लक्ष पळणारीकडे होतं, पायाकडे नव्हतं. आमच्याच संघातली एक म्हणाली, "मलेबी तसंच वाटलं." तिला काय वाटलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. पण मला खात्री होती. आजही कुणी शपथ घालून विचारलं तर लाथ बसली असंच मी सांगेन, इतकी ती खरी होती. आणि खो देणारी ती अनवाणी होती हे मी समोर बघत होते, तरी मला बूट लागल्याची खात्री होती.

दुखणं मात्र फारसं नव्हतं. पहिली कळ ओसरली आणि मी उठून लंगडत बाहेर गेले. म्हणूनच सगळे म्हणाले, मोच आहे, पाय मुरगळलाय. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला, हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आठ दिवस आराम करा म्हणाले. पाय खालीवर हलतो का विचारलं, तर थोडा हलत होता. तिथंच सगळ्यांची फसगत झाली. शेजारच्या गावातून मोच बसवणारा एक म्हातारा आला, त्यानं गरम तेल लावून अंगठ्यानं टाचेपासून पोटरीपर्यंत रगडलं. सासूनं विटेचा शेक दिला. पायावरची सूज टाचेकडे उतरली आणि निळीजांभळी झाली.

ते आठ-नऊ दिवस मी सपरीत खाटेवर पडून असायची, आणि लगतच्या खोलीतून ती यायची-जायची. मान खाली घालून. मुख्याध्यापकांनी झालेला प्रकार लिहून वर पाठवला होता; मी सही केली होती. जिल्हा स्तरावरच्या संघातून तिचं नाव काढलं होतं. सासू तिच्याशी बोलेनाशी झाली होती. त्या दिवसांत मला पायाचा त्रास होत होता, पण दुसरीकडे कुठंतरी बरं वाटत होतं.

पाय मात्र सुधारत नव्हता. चालता यायचं, पण पाऊल सपाट पडायचं, फटफट आवाज करत. पायरी चढताना डावा पाय शरीराला वर ढकलायचाच नाही. एका संध्याकाळी मी फडताळावरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहायला गेले, तर उजवी टाच उचलली गेली आणि डावी जमिनीला चिकटून राहिली. मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. नाहीच. ती दारातून बघत होती. नवरा आला तेव्हा तिनं त्याला अंगणात थांबवून सांगितलेलं मला आतून ऐकू आलं.

"भाऊजी, हे मोच नाई. बाईची टाचंवरची शीर तुटली असन. आमच्याकडे कुऱ्हाड लागून शीर कापलेले मानसं मी पाह्यले. ते असेच चालतेत, पाय आपटत. तुमी चंद्रपूरले मोठ्या डॉक्टरले दाखवा. उशीर नका करू."

मला तिचे आभार वाटायला हवे होते. मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, माझा पायसुद्धा हिलाच जास्त कळतो! मी खाटेवरून ओरडले, "माह्या पायाचं तू नको पाहू. तू खोली पाह्य दुसरी."

रात्री सासूनं टाचेवरची पट्टी सैल केली तेव्हा मी स्वतः बोट फिरवलं. उजव्या पायाला टाचेच्या चार बोटं वर ती शीर तारेसारखी ताठ लागते. डाव्या पायाला तिथं बोट आत गेलं. खळगा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्याची गाडी करून चंद्रपूरला गेलो.

हाडांचे डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी फोटो पाहिलाच नाही. म्हणाले, "पालथ्या झोपा. पाय टेबलाच्या बाहेर लोंबू द्या." आधी उजव्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली. माझं पाऊल आपोआप खाली झुकलं, पायाखालची दोरी कुणी ओढावी तसं. मग डावी पोटरी दाबली. मान वळवून मी बघत होते. पाऊल हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. नाहीच.

"शीर तुटलीय," ते म्हणाले. "पोटरीला टाचेशी बांधणारी असते ती. टेंडन म्हणतात. शरीरातली सगळ्यात जाड, पण चाळिशीत अचानक जोर दिला की जाते. आधी काही दिवस तिथं दुखत होतं का? सकाळी आखडायचं?"

"हो."

नवरा सोनोग्राफीचा कागद घेऊन खिडकीवर नंबर लावायला गेला होता. डॉक्टरांनी हात पुसत विचारलं, "तुटली तेव्हा कसं वाटलं? मागून कुणी लाथ मारल्यासारखं?"

मी उठून बसले. "वाटलं नाही डॉक्टर. मारलीच. आमच्या शाळेतलीच आहे."

ते पहिल्यांदाच हसले. "सगळे हेच सांगतात. एक जण बॅडमिंटन खेळताना पडला, उठला आणि मागं वळून जोडीदाराला मारायला निघाला. मागं भिंत होती. कुणी म्हणतं दगड लागला, कुणी म्हणतं काठी मारली. शीर तुटली की मेंदूला तसंच वाटतं. तुम्हाला कुणी मारलेलं नाही."

तेवढ्यात नवरा आत आला. डॉक्टर त्याला समजावायला लागले. दोन रस्ते असतात, म्हणाले. लगेच आलं असतं तर पाऊल खाली झुकवून प्लास्टर घालून शीर आपोआप जुळायची वाट पाहता आली असती. पुष्कळांची तशीही जुळते. पण नऊ दिवस चालून आणि रगडून दोन टोकं लांब गेल्याची शंका आहे. सोनोग्राफीत तसंच निघालं तर टाके घालून जोडणं बरं. अजून महिना काढला असता तर दुसरीकडची शीर आणून सांधावी लागली असती. पडल्या दिवशी करायचं काय होतं, तर पाय वर ठेवायचा, बर्फ लावायचा, वजन टाकायचं नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. तो मान हलवत होता. मी मात्र अर्धवटच ऐकत होते. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. पहिली ही, की शीर तुटलीय हे तिनं नुसत्या चालीवरून बरोबर ओळखलं. दुसरी ही, की कुणी मारलेलं नाही हे या खोलीत फक्त मी ऐकलंय.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता. हिरव्या कापडाच्या पलीकडे आपला पाय कुणाच्या तरी हातात आहे एवढंच कळत होतं. शुद्ध होतीच. गुडघ्याखाली प्लास्टर, त्यात पाऊल नर्तकीसारखं खाली झुकवलेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर फोनही करू नका, थेट निघून या, रक्ताची गाठ होऊ शकते. पायाची बोटं हलवत राहा. वजन टाकायचं नाही म्हणजे नाही.

मी परत आले तेव्हा सपरीलगतची खोली रिकामी होती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती.

मुलं मला भेटायला आली. प्लास्टरवर पेनानं फुलं काढली. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नव्या मॅडम आता खेळत नाई आमच्यासंगं. मैदानातच येत नाई." मी तिला विचारलं, "काऊन?" तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि ते ऐकून माझ्या तोंडात गोड चव आली, खरोखरच आली, गूळ खाल्ल्यासारखी. डॉक्टरांचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लपवायचं असं रोज ठरवत होते असंही नाही. मी ते बाजूला ठेवलं होतं.

मग एका दुपारी ती आली. सासू धान पाखडत होती. ती माझ्या खाटेजवळ खाली बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"बाई," ती म्हणाली, "मी लई विचार केला. रोज तेच डोळ्यासमोर आनून पाह्यते. मले आठवत नाई, पन माहा पायच लागला असन. तुमी खोटं काऊन बोलान? कार्यालयातनं खुलासा मागतलाय, मी तसंच लिहून देल्लं. चुकून लागला म्हनून. तुमी मले माफ करा."

तिनं हात जोडले. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. एक वाक्य होतं माझ्याकडे. तेवढं बोलले असते की झालं असतं.

मी म्हणाले, "जाऊ दे आता. मनात नको ठेवू."

मी तिला माफ केलं. ती रडली, माझ्या प्लास्टरला हात लावून पाया पडली आणि गेली. सासूनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मोठ्या मनाची हायस तू, पोरी." अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्या संध्याकाळी तिनं माझ्यासाठी लाखोळीच्या डाळीचे वडे केले. मी चार खाल्ले. पाचवा ताटात ठेवून दिला.

त्यानंतर मला झोप लागेना. पण मी सांगितलंही नाही. पश्चात्तापानं मी आपणहून बोलले असा दावा मला करायचा नाही.

टाके निघाले. मग पाऊल थोडं सरळ करून दुसरं प्लास्टर, आणि ते उतरल्यावर मोठा बूट मिळाला, आत टाचेखाली तीन पाचरी ठेवलेला. दर काही दिवसांनी एक पाचर काढायची, म्हणजे शीर हळूहळू लांबीला सवय करून घेते. तो बूट घ्यायला आम्ही रेल्वेनं चंद्रपूरला गेलो होतो. डॉक्टरांनी पोटरी दाबली. पाऊल किंचित झुकलं. ते खूश झाले. बूट बांधता बांधता सहज म्हणाले, "अन् तुमची ती लाथ मारणारी? सांगितलं ना तिला, की कुणी मारलेली नव्हती म्हणून? नाहीतर बिचारी मनाला लावून घ्यायची."

नवरा शेजारीच उभा होता.

"म्हंजे काय डॉक्टर?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी त्यालाही भिंतीची गोष्ट सांगितली, हसत हसत. तो हसला नाही.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. माझा पाय त्याच्या मांडीवर होता, कारण खाली सोडला की सुजायचा. बाहेर सागाची झाडं पानं गाळून उभी होती. तो म्हणाला, "तुले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं त्यानं?"

"हो."

"अन् ते आपल्या घरी येऊन रडून गेली."

"हो."

"काऊन केलं वं असं?"

मी खूप काही सांगू शकले असते. वास्त्यांचं, स्कूटीमागं धावणाऱ्या मुलांचं, टाळ्यांचं. तोंडाशी आलं आणि सगळं इतकं लहान वाटलं की मी म्हणाले, "ते माह्यापेक्षा बरी हाय म्हनून."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मी नाई सांगनार कोनाले. तुलेच सांगा लागन." माझा पाय मात्र त्यानं मांडीवरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन कुबड्या आणि तो बूट घेऊन शाळेत गेले. मधली सुट्टी होती. कार्यालयात मुख्याध्यापक, दोन्ही गुरुजी आणि ती, सगळेच होते. बसा म्हणाले, मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि मग गोष्ट निघाली नसती. मी उभ्यानंच सांगितलं. शीर तुटली की लाथ बसल्यासारखं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. हिनं फक्त खो दिला होता. हिचा पाय मला लागला नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं पत्र लिहून आणलं होतं, डॉक्टरांचा कागद जोडून. ते टेबलावर ठेवलं.

मुख्याध्यापक पत्र वाचत होते. ती माझ्याकडे बघत होती. "तुमाले कवा समजलं हे?"

"चंद्रपूरले पह्यल्यांदा गेलो त्या दिवशी."

ती मनातल्या मनात दिवस मोजत असावी. "म्हंजे मी माफी मागाले आली तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

"अन् तरी तुमी मले माफ केलं."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. घंटा झाली, तिनं खडूचा डबा उचलला आणि वर्गावर गेली.

वरून पत्र आलं, प्रकरण बंद झालं, तिच्या नावापुढे काही लागलं नाही. सासूला मी स्वतः सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि उठून वाडीत वांग्यांना पाणी घालायला गेली. नंतर चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि एकदा वाळवलेल्या वास्त्यांची टोपली घेऊन गावाच्या त्या टोकाला जाऊन आली. मला विचारलं नाही, मीही अडवलं नाही.

पाय बरा व्हायला जितका वेळ लागला तितका मला कुणी सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता. बूट सुटला तेव्हा डावी पोटरी उजवीच्या निम्मी दिसत होती, पोराच्या पायासारखी. आधी खुर्चीत बसून टाचा उचलायच्या. मग ओट्याला धरून दोन्ही पायांवर. मग पायरीच्या कडेला. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत बाकीचे चिखलात उतरले होते आणि मी बांधावर बसून पेंढ्या मोजत होते. ओल्या चिखलात, घसरणीवर जायची मला वर्षभर मनाई होती. एका पायावर टाच उचलायला जमलं ते दसऱ्याच्या सुमारास. एकदाच. दुसऱ्यांदा पाय थरथरला. मी घरात कुणाला बोलावलं नाही, तशीच भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला आधी काय सुचलं असेल, तर ती हे किती वेळा करू शकेल. पन्नास तरी. विचारसुद्धा न करता.

तेव्हा मला कळलं की सांगून टाकल्यानं ते जात नाही. मला वाटलं होतं, एवढी लाज झाल्यावर जळणं आपोआप विझेल. नाही विझलं. फक्त आता ते आलं की मी त्याला ओळखते, आणि त्याच्या नादानं तोंड उघडत नाही.

ती आमच्या घरी परत राहायला आली नाही. शाळेत आम्ही नीट बोलतो: हजेरी, पोषण आहार, कुणाचं पोर आजारी आहे. एकदा सहावीतली मुलगी दोरीवर उड्या मारताना पडली, तेव्हा तिनं मला वर्गातून बोलावून घेतलं. मी मुलीला पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल छान झुकलं. मोचच होती. बर्फ बांधला. "बरं झालं," ती म्हणाली, मला की मुलीला ते समजलं नाही.

या हिवाळ्यात पुन्हा स्पर्धा झाल्या. ती कप्तान. मी आता खेळत नाही. मला गुण लिहायला टेबलावर बसवतात. सगळ्या मैदानाला दिसेल अशी ती पळत होती, धुळीत पाय टेकतोय की नाही अशी, आणि लोक तिच्या नावानं ओरडत होते. माझ्या छातीत तेच झालं जे दर वेळी होतं. पेन हातात होतं, मी लिहीत राहिले. मध्यंतरात ती टेबलापाशी आली, घामानं चिंब, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून दम खात उभी राहिली.

"किती झाले, मॅडम?"

"अकरा," मी म्हणाले. "त्यात सात तुझे."

तिनं वहीत वाकून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा मैदानात गेली.